शेवटी शंभर! (आणि विमान डावीकडे का ओढत होतं ते)

मंडळी, काल रात्री पावणेदोनला झालं एकदाचं. जीटीए सॅन अँड्रियासच्या रिमास्टरमधल्या (म्हणजे जुना गेम नव्याने बनवलाय त्यातल्या) फ्लाइंग स्कूलची चौथी टेस्ट, धावपट्टीला चक्कर मारून परत उतरायचं ती, शंभर टक्के, गोल्ड. आकडा आला तेव्हा ओरडलो नाही, कारण आतल्या खोलीत आई झोपली होती. कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन मिनिटं नुसता तो आकडा बघत बसलो. मागची दोन अपडेट ज्यांनी वाचलीयेत त्यांना माहितीये की मी या एका टेस्टवर तीन आठवडे अडकलो होतो, ९७, ९८, ९९, ९९, परत ९७. बाकी रन, म्हणजे गेम शंभर टक्के पूर्ण करायचा प्रयत्न, आहे तिथेच आहे, गोळा करायच्या गोष्टींत टॅग १००, नाल ५०, फोटो ५०, शिंपले ३९ वर थांबलेत आणि आज त्यांच्याबद्दल काही नाही.

७० ला ब्राँझ, ८५ ला सिल्व्हर आणि बरोब्बर १०० लाच गोल्ड, आणि रनसाठी ब्राँझ पुरतं, हे मला तीन-चार जणांनी सांगितलं. बरोबर आहे त्यांचं. पण दहाच्या दहा गोल्ड झाल्या की व्हर्डंट मेडोजवर (गेममधली एक धावपट्टी) हंटर हेलिकॉप्टर येऊन उभं राहतं आणि मला ते हंटर हवंय. ठाण्यात चरईत आमच्या शाळेमागे एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, २००६ ची गोष्ट. तिथे एका दादाच्या सेव्हमध्ये (साठवून ठेवलेल्या गेममध्ये) ते हंटर होतं. तो आम्हाला फक्त मागे उभं राहून बघू द्यायचा, हात लावू द्यायचा नाही. मग एका मे महिन्यात कॅफेवाल्याने सगळे पीसी फॉरमॅट केले आणि ते सेव्ह गेलं, त्या दादाचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून डोक्यात आहे की हे आपण स्वतः मिळवायचं, कोणाचं सेव्ह डाउनलोड करून नाही.

तर प्रॉब्लेम. चक्कर नीट व्हायची, सगळ्या रिंगा मिळायच्या, डॅमेज शून्य, आणि चाकं टेकली की विमान हळूच डावीकडे ओढायचं. एकदम नाही, हळूच, ऑफिसच्या खुर्चीचं एक चाक खराब झाल्यावर ती जशी आपोआप वळते ना तसं. रडर उजवीकडे दिला की जास्त उजवीकडे, सोडला की परत डावीकडे, आणि थांबेपर्यंत नाक दोन-तीन अंशांनी वाकडं. हेडिंगमध्ये, म्हणजे नाकाच्या दिशेत, एक-दोन टक्के गेले की संपलं, ९९ ला इथे काही किंमत नाही.

पहिला संशय अर्थातच फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यावर. ज्यांनी जुनं पीसी व्हर्जन खेळलंय ते सगळे हाच संशय घेतील. जुन्या सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर बंद केला की फिजिक्सच बिघडायचं, माझ्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तर सीजे (गेमचा हिरो) पाण्यात हातपाय मारतो आणि जागचा हलतच नाही, सायलेंटपॅच हा चाहत्याने बनवलेला पॅच टाकल्याशिवाय ते खेळवत नाही. म्हणून इथे आधी ६० ला लॉक केलं, मग ३० ला, दोन रात्री त्यात गेल्या. फरक शून्य. रिमास्टर अनरिअल इंजिन ४ वर आहे आणि मी जुन्या गेमच्या रेंडरवेअर इंजिनाची भूतं त्यात शोधत होतो.

मग क्लासिक कंट्रोल, मग मॉडर्न कंट्रोल, मग दुसरा केबल, मग ब्लूटूथ काढून वायर्ड. काही नाही.

खरा क्लू दिला भाच्याने. ताई दोन दिवस कोपरखैरण्याहून राहायला आली होती, भाचा अकरा वर्षांचा, तो कीबोर्डवर खेळतो, कंट्रोलर त्याला आवडत नाही. मी चहा करायला उठलो तेवढ्यात तो माझ्या जागेवर बसला आणि दोन मिनिटांनी आतून आवाज, "मामा, माझं तर सरळ जातंय." जाऊन बघतो तर खरंच, उतरायच्या खुणेच्या खूप पुढे जाऊन थांबलं होतं, सत्तरच्या आसपास मार्क पडले असतील, पण चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंत धावपट्टीवर रेष मारल्यासारखं सरळ. तो परत म्हणाला, "तुझाच कंट्रोलर बिघडलाय." मी त्याला म्हटलं अरे बाबा कंट्रोलर बिघडला असता तर सीजे उभ्या उभ्या चालायला लागला असता ना. इथेच माझी चूक होती आणि हे नीट वाचा, कारण तुमच्यातल्या अर्ध्या लोकांचं असंच होत असणार.

रात्री ब्राउझरमधला गेमपॅड टेस्टर उघडला. डाव्या स्टिकला हात न लावता आडव्या अक्षावर आकडा काय असायला पाहिजे, ०.००. माझा होता उणे ०.०७, आणि तोही स्थिर नाही, उणे ०.०५ ते उणे ०.०९ च्या मध्ये थरथरत होता. पायी चालताना गेमचा डेडझोन (मध्याजवळची बारीक हालचाल मोजायचीच नाही ती जागा) हे सगळं गिळून टाकतो, सीजे हलत नाही, गाडी चालवताना आपण सतत स्टिक हलवतच असतो म्हणून कळत नाही. पण विमानात मला ते जाणवत होतं, तेही फक्त शेवटच्या पाच सेकंदांत, जेव्हा मी स्टिक सोडून नुसता ब्रेक धरून बसायचो. म्हणजे तीन आठवडे मी "आता काही करू नको, हात सोड" असं स्वतःला सांगत होतो आणि हात सोडला की नेमका कंट्रोलर डावीकडे वळवत होता.

हे का होतं ते थोडक्यात, कारण दोघांनी विचारलं होतं. साध्या स्टिकच्या आत दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडवा एक उभा, आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा धातूचा पत्रा. आपण स्टिक हलवतो तसा पत्रा पट्टीवर सरकतो, रेझिस्टन्स बदलतो, त्यावरून कंट्रोलरला कळतं स्टिक कुठे आहे. पण घासणारी वस्तू झिजणारच, आणि सगळ्यात जास्त झिजते मधली जागा, कारण स्टिक तिथेच सारखी परत येते. वर त्या झिजेची पूड आतच राहते.

पहिला उपाय सोपा, स्टीममध्ये (ज्या ॲपवरून गेम चालवतो ते) जाऊन डेडझोन वाढवला. ओढणं थांबलं, एकदम छान, आणि मार्क ९४ वर आले. कारण डेडझोन वाढवला की बारीक हालचालच जाते, स्टिक जरा ढकलली तर काहीच नाही, अजून जरा ढकलली तर एकदम धक्का, आणि या टेस्टमध्ये उतरताना सगळा खेळ त्या बारीक हालचालीचा आहे. डेडझोन वाढवणं म्हणजे इलाज नाही, दुखण्यावर पांघरूण. ज्यांना गाड्याच चालवायच्यात त्यांनी खुशाल करा.

दुसरा उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्टिकच्या बुडाशी दोन थेंब सोडून गोल गोल फिरवायचं, वाळू द्यायचं. चार दिवस आकडा ०.०१ वर होता! त्या चार दिवसांत मी लूप-द-लूप आणि बॅरल रोल दोन्ही गोल्ड केल्या, बॅरल रोल तर तिसऱ्या प्रयत्नात, आणि मला वाटलं झालं, सुटलो. पाचव्या रात्री परत उणे ०.०६. बाहेर धो धो पाऊस, घोडबंदरला पाणी भरलेलं, घरातली हवा इतकी दमट की मीठ चिकटलंय, आणि मी कंट्रोलर हातात धरून बसलेलो. पूड जिथल्या तिथेच होती, आणि झिजलेली पट्टी काही स्पिरिटने भरून येत नाही.

मग ठाण्यातल्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने बघितलं न बघितलं, "साहेब, याचं काही होत नाही, नवीन घ्या." मी म्हटलं दादा नुसता स्टिकचा मॉड्यूल बदलायचाय. तर म्हणे बदलून देतो पण गॅरंटी नाही, आणि लावणार तोच पोटेन्शिओमीटरवाला. सहा महिन्यांनी परत तेच. नवीन कंट्रोलरला पाच-सहा हजार घालायचे आणि त्यातही तीच कार्बनची पट्टी, हे मला पटेना. म्हणून हॉल इफेक्टवाले स्टिक मॉड्यूल मागवले. यात घासणं नाही, स्टिकच्या बुडाशी लोहचुंबक, आणि सेन्सर त्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, एकमेकांना स्पर्शच नाही म्हणून झीज नाही. जोडी साडेसहाशेला पडली. पहिली जोडी आली तिचा मध्यच जागेवर नव्हता, परत पाठवली, दुसरी बरी निघाली. स्वस्तात स्वस्त बघून घेऊ नका एवढंच सांगेन, दीडशे-दोनशे वाचवायला गेलात तर आठवडा जातो.

आणि फ्लक्स, डिसोल्डरची विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी), बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न हे ऑनलाइन मागवू नका, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा. शनिवारी गेलो, दादरला उतरून वेस्टर्न पकडून ग्रँट रोड. तिथल्या दुकानातल्या काकांनी माझी यादी बघून विचारलं, "काय काढायचंय?" सांगितलं तर त्यांनी मी मागितलेली विक बाजूला ठेवली आणि दुसरी दिली, म्हणाले, "ही घे, ती सोल्डर कमी धरते, पॅड उचलशील." त्या एका वाक्यासाठी मी तिकडे परत परत जाईन.

पॅड तरी उचललाच. एका स्टिकला चौदा जोड असतात, तीन-तीन दोन्ही सेन्सरचे, चार बटणाचे, चार पाय सांगाड्याचे. सांगाड्याचे पाय ग्राउंडला जोडलेले, म्हणून उष्णता सगळी बोर्डात पसरते आणि तिथलं सोल्डर काही केल्या वितळत नाही. तेरा निघाले. चौदावा अर्धाच वितळलेला आणि मी घाई केली, स्टिक वर ओढली, आणि शेजारच्या सेन्सरच्या एका पायाबरोबर तांब्याची गोल चकती, म्हणजे पॅड, सुटून आली. टाचणीच्या डोक्याएवढी. भिंगाखाली बघितली तेव्हा पोटात खड्डा पडला. नवीन स्टिक लावली, टेस्टर उघडला, आडवा अक्ष मस्त ०.००, उभा अक्ष मेला. म्हणजे आता विमान सरळ जाणार होतं पण वर-खाली होणार नव्हतं.

एक दिवस तसाच पडून होता. मग दुसऱ्या रात्री बोर्ड टॉर्चखाली धरला आणि त्या पॅडपासून निघणारी रेघ कुठे जाते ते बघत बसलो. चार मिलिमीटरवर एक टेस्ट पॉइंट आहे, मल्टीमीटरने तपासलं, तीच लाइन! जुन्या हेडफोनच्या वायरमधली एक तार काढली, केसाएवढी. तिच्यावर लॅकर असतं ते टोकाला जाळून टाकलं, एक टोक सेन्सरच्या पायाला, दुसरं टेस्ट पॉइंटला. हात थरथरत होता म्हणून मनगट पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून केलं. दोन्ही अक्ष जिवंत. मंडळी, गेमातल्या कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मला त्या चार मिलिमीटरच्या तारेचा आनंद जास्त झाला, खरं सांगतो.

कॅलिब्रेशन विसरू नका. नवीन स्टिक लावली की मध्य आणि रेंज दोन्ही परत शिकवायला लागतात, ब्राउझरमधलं टूल आहे त्याने होतं. माझं आता स्थिर ०.०० आणि सर्क्युलॅरिटी एरर (स्टिक गोल फिरवली की वर्तुळ किती चुकतं ते) सात टक्के, म्हणजे छान.

हे सगळं चालू असताना गेमकडे नुसतं बघत बसलो होतो बरेच दिवस, त्यामुळे रिमास्टरबद्दल जे मत मी लांबवत होतो ते आता लिहितोच. ११ नोव्हेंबर २०२१ ला हे आलं तेव्हाची अवस्था सगळ्यांना आठवते. पाऊस असा की समोरचं दिसेना, माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे, ती 'टफ नट' डोनटच्या दुकानावरची नट, बोल्टवर बसते ती, तिच्या सहा कडा गुळगुळीत करून गोल करून टाकलेल्या, म्हणजे जोक काय होता हेच ज्याला कळलं नाही त्याने ते केलं. रॉकस्टार कंपनीने नंतर माफी मागितली, पॅच आले, पाऊस सुधारला. पण मला सगळ्यात जास्त खुपत होतं ते वेगळंच. धुकं काढलं होतं.

जुन्या गेममध्ये लांबचं दिसायचं नाही कारण पीएस२ ला मेमरीच ३२ एमबी. नकाशाचा तुकडा डिस्कवरून येईपर्यंत धुरकट केशरी हवा पुढचं झाकायची. नकाशा सगळा मिळून साधारण सहा बाय सहा किलोमीटर, समुद्र धरून. म्हणजे ठाणे स्टेशनपासून मानपाड्यापर्यंत. एवढ्यात तीन शहरं, एक वाळवंट आणि माउंट चिलियाड! आणि लहानपणी आम्हाला ते एक अख्खं राज्य वाटायचं. लॉस सँटोसहून सॅन फिएरोला जायचं म्हणजे प्रवास वाटायचा. रिमास्टरने हवा स्वच्छ केली आणि विमानातून बघितलं तर एका शहराच्या गच्चीतून दुसरं शहर दिसतंय, डोंगर हाताच्या अंतरावर. गेम तेवढाच होता, पण आता तो तेवढाच आहे हे दिसायला लागलं.

माझ्या गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसतात. आता जुलैत ढग खाली आले की डोंगर नाहीच, नुसता पांढरा पडदा, आणि त्याच्या मागे किती जंगल असेल असं वाटतं. नोव्हेंबरात हवा स्वच्छ झाली की तोच डोंगर समोरच्या टॉवरच्या मागे, अगदी जवळ, झाडं मोजावीत इतका. जुनी टीम काय करत होती ते मला त्या गॅलरीत उभं राहून कळलं. मशीनची अडचण होती हे खरं, पण त्यांनी तिच्यातून अंतर तयार केलं होतं.

म्हणून नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये क्लासिक लायटिंग आलं ते माझ्यासाठी या रिमास्टरचं सगळ्यात मोठं काम. मोबाइलवाल्यांना ते २०२३ च्या डिसेंबरमध्येच मिळालं होतं, आपण वर्षभर वाट बघितली. आकाशाचा तो रंग परत आला, लांबचं धूसर झालं, संध्याकाळी सीजेच्या ग्रोव्ह स्ट्रीटवर उभं राहिलं की २००६ ची ती केशरी हवा. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, अजून कोणी केलं नसेल तर आज करा. "जुनंच बेस्ट, रिमास्टरला हात लावू नका" म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. मिशन फेल झाल्यावर चेकपॉइंटवरून परत सुरू करता येणं, नकाशावर रस्ता दिसणं, वेपन व्हील, हे ज्याने ट्रेनवाल्या मिशनसाठी वीस वेळा अख्खं शहर ओलांडलंय त्याला विचारा. रेडिओवरची काही गाणी लायसन्समुळे गेली ते मात्र दुखतं, आणि त्याला पॅच येणार नाही.

एक अडचण पण सांगतो. क्लासिक लायटिंगमध्ये ही टेस्ट अवघड होते. स्वच्छ हवेत मी लांबचा डोंगर पकडून नाक सरळ ठेवायचो, तो आता धुक्यात गेला. दोन रात्री लायटिंग बदलून खेळलो, नाही आवडलं, परत क्लासिकवर आलो आणि डोंगराऐवजी धावपट्टीवरचे टायरचे काळे पट्टे पकडायला शिकलो. शेवटच्या रिंगेच्या आधीच थ्रॉटल सोडायचा, उंची आपोआप उतरू द्यायची, नाक किंचित वर, आणि पट्टे दोन्ही बाजूंना सारखे दिसेपर्यंत फक्त अंगठ्याच्या टोकाने. हे जुन्या स्टिकवर शक्यच नव्हतं. काल चाकं टेकली, ब्रेक धरला, अंगठा पूर्ण उचलला, आणि विमान सरळ गेलं. सरळ! खुणेवर थांबलं. आकडा यायच्या आधीच मला माहिती होतं.

आता फक्त पॅराशूटची टेस्ट उरलीये, तिथे ९६ वर आहे. प्लॅन असा होता की ती संपवून मग शिंपले. पण हे लिहिता लिहिता सुचलं की ते ५० फोटो मी सगळे नव्या लायटिंगमध्ये काढलेत, तर सॅन फिएरोतल्या दहा-बारा जागा निवडून तिथेच, त्याच वेळेला, क्लासिकमध्ये परत काढायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायचे, म्हणजे धुक्याबद्दल मी काय म्हणतोय ते शब्दांत सांगायची गरजच नाही. जुन्या पीसी व्हर्जनमधला तिसरा फोटो पण घालता येईल, डिस्क आहे माझ्याकडे, वन पॉइंट झिरोची, म्हणजे पहिल्या आवृत्तीची. तर शिंपले पुढे ढकलतोय. उजव्या स्टिकचा मॉड्यूल पण पडून आहे, पण तिला अजून काही झालेलं नाही, आणि चालतंय त्याला आयर्न लावायची नाही असं ठरवलंय.

भाच्याला सकाळी स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा रिप्लाय आला, "मामा हंटर आलं की पहिली राउंड माझी." दिलीये.